एफ/22 वरचं आभाळ

बुऱ्हाणपुरात कॅमेऱ्याची लेन्स कुठे बदलावी, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. छायाचित्रणाच्या पुस्तकांत याचं उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं : धूळ नसलेल्या जागी. लिहिणारा बहुधा अशा मुलखातला असतो, जिथं तशी जागा सापडते. आमच्याकडे मे महिन्यात तापीचं पात्र अर्धं उघडं पडतं आणि दुपारचा वारा सुटला की राजघाटाकडची माती गाव बघायला निघते. ती कपाटात शिरते, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर बसते, तारेवरच्या धुतलेल्या सदऱ्यावर बसते. या मातीबद्दल माझी तक्रार नाही. माती निदान जड असते, कधी ना कधी खाली येते. खरी अडचण रुईची आहे. ती खाली यायलाच तयार नसते.

बुऱ्हाणपूर हे मागांचं गाव. विणकरांच्या गल्ल्यांत हजारो पॉवरलूम दिवसरात्र खटखटत असतात. सुताला खळ लावलेली असते, ताणा फण्यांतून सरकताना घासतो, आणि खळीचा भुगा न् सुताचे तुटके रेशे हवेत उडतात. मागावर काम करणारा माणूस संध्याकाळी बाहेर येतो तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, वय काहीही असो. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिरा इथून गेला. इथलं सुती कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंडपर्यंत जातं असं त्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे आमच्या हवेतली रुई कालपरवाची नव्हे, मोगलांच्या काळापासूनची खानदानी आहे. 1631 साली मुमताजमहल इथल्याच किल्ल्यात बाळंतपणात वारली. तिच्या महालातल्या पडद्यांवरची रुईसुद्धा रोज कोणी ना कोणी झटकत असणारच.

लेन्स काढली की हे सगळं कॅमेऱ्याच्या पोटात शिरतं. अशा गावात डिजिटल कॅमेरा बाळगणं म्हणजे हौसेला मोल नाही, हे मान्य. फिल्मच्या काळात हा प्रश्न नव्हता असं नाही, पण त्याची तऱ्हा वेगळी होती. फिल्मवर धूळ बसली तर ती त्या एका चौकटीपुरती. फिल्म पुढे सरकली की धूळही तिच्याबरोबर पुढच्या गावाला. रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणजे छत्तीस नव्या कोऱ्या पाट्या. डिजिटल कॅमेऱ्यात पाटी एकच. प्रकाश टिपणारा सेन्सर जागचा हलत नाही, त्यावर आज बसलेला कण उद्याच्या फोटोतही असतो, परवाच्या बारशातही आणि पुढच्या महिन्यातल्या लग्नातही. बिनबोलावता प्रत्येक कार्याला हजर राहणारा दूरचा नातेवाईक घराघरात असतो. हा त्याच्याही वरताण, कारण तो प्रत्येक फोटोत येतो, आणि एकाच जागी उभा राहतो.

आमच्या घरी या कणाला काही दिवस फार मान मिळाला. जामा मशिदीच्या दोन मिनारांचा मी काढलेला एक फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. खाली फारुकी सुलतानांच्या काळातली काळ्या दगडाची भक्कम इमारत, वर स्वच्छ निळं आभाळ, आणि उजव्या मिनाराच्या जरा वर एक बारीक करडा ठिपका. रावेरहून आत्या आली. फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "घार बाकी झकास धरली रे!" मी गप्प राहिलो. कौतुक होत असताना खुलासे करू नयेत. पण आत्या चौकस. तिनं दुसऱ्या दिवशी संगणकावर बाकीचे फोटो पाहायला मागितले. असीरगडावर घार. राजघाटावर घार. मामेभावाच्या वरातीवर घार. सगळीकडे उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्याजवळ, त्याच उंचीवर. आत्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "ही तुह्या मागं मागं फिरू राह्यली का काय?"

तेव्हा खुलासा करावा लागला. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकट. माझ्या कॅमेऱ्यात ती साधारण 23.5 मिलिमीटर बाय 15.6 मिलिमीटर आहे, आणि तेवढ्यात दोन कोटी चाळीस लाख टिपणारे बिंदू बसवलेले आहेत. एकेक बिंदू सुमारे 4 मायक्रॉनचा. कापसाचा एक तंतू जाडीला दहापासून वीस मायक्रॉनपर्यंत भरतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा रेशाचा तुकडा तिथं तीन ते पाच बिंदूंच्या रुंदीवर आडवा होऊन झोपतो. तो झोपतो तेही थेट सेन्सरवर नाही. सेन्सरच्या पुढे फिल्टरची एक पातळ काच असते, धूळ त्या काचेवर बसते आणि फोटोत येते ती धुळीची सावली. आणखी एक गंमत अशी की लेन्समधून येणारं चित्र सेन्सरवर उलटं पडतं, त्यामुळे फोटोत जे वर दिसतं ते सेन्सरवर खाली असतं. आत्याची घार प्रत्यक्षात तळाशी बसलेली होती. हे ऐकून आत्यानं तिच्यातला रस सोडला आणि ती पोळ्या करायला गेली.

सावली म्हटल्यावर प्रकाशाचा हिशेब आलाच. लेन्सचं तोंड मोठं उघडलं, एफ/2.8 म्हणा, की प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो, कणाच्या अंगाखालूनही शिरतो आणि सावली पसरून नाहीशी होते. तोंड बारीक केलं, एफ/16 किंवा एफ/22, की प्रकाश एका अरुंद वाटेनं येतो आणि सावली ठसठशीत उमटते. त्यामुळे शाही किल्ल्याच्या हमामात फोटो काढा, अंधार असतो, तोंड मोठं उघडावंच लागतं, छतावरची जुनी वेलबुट्टी सुरेख येते आणि ठिपका औषधालाही सापडत नाही. तेच बाहेर येऊन तापीकडे तोंड करा, नदी, पलीकडचं जैनाबाद आणि आभाळ असं सगळं एकदम स्पष्ट यावं म्हणून एफ/16 लावा, की घार हजर. तीच लेन्स, तोच कॅमेरा, तोच कण. अंधारात भेटणाऱ्यांना आमच्यातले दोष दिसत नाहीत, इतकंच.

जुन्या स्टुडिओवाल्यांना ही झटापट नवी वाटणार नाही. त्यांच्याकडे टचिंग करणारा एक माणूस असायचा. खिडकीजवळ उतरतं मेज, त्यावर निगेटिव्ह, हातात टोक काढून काढून सुईसारखी केलेली पेन्सिल. नवरीच्या गालावरची पुटकुळी हा माणूस लग्नाआधी बरी करून ठेवायचा. छापलेल्या फोटोवर धुळीचे ठिपके आले की तेही तो बारीक कुंचल्यानं रंग भरून बुजवायचा. ते ठिपके पांढरे असत, कारण धूळ निगेटिव्हवर बसलेली असायची आणि कागदावर तेवढ्या जागी प्रकाश पोचायचा नाही. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काळपट येतो. एवढी एक प्रगती छायाचित्रणानं केली आहे : पूर्वी धूळ गोरी होती.

कंपन्यांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. 2003 साली ऑलिंपसनं ई-1 नावाचा कॅमेरा आणला. त्यात सेन्सरपुढची काच अतिवेगानं थरथरते आणि धूळ झटकून टाकते. पुढे सगळ्यांनीच ती युक्ती उचलली. माझा कॅमेराही चालू-बंद करताना अंग झटकतो. कोरडी माती त्यानं पडते. खळ लागलेला रेशा मात्र या थरथरीला भीक घालत नाही, तो बुऱ्हाणपुरी आहे. आणि मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 2012 साली निकॉनचा डी600 बाजारात आला आणि त्याच्या सेन्सरवर आपोआप ठिपके जमतात अशी जगभर ओरड झाली. वर्षभरानं त्याच्या जागी डी610 आला. गिऱ्हाइकाच्या घरची नव्हे, कॅमेऱ्याच्याच पोटातली घाण होती ती. त्या बातमीनं आमच्या गावातल्या निदान एका माणसाला बराच धीर आला.

आता मुद्द्याचं. सेन्सर स्वच्छ करायचा म्हणजे आधी तो किती मळला आहे ते पाहायचं. त्याची रीत ठरलेली आहे. लेन्सचं तोंड एफ/22 वर न्यायचं, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि कोऱ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यायचा. मग तो संगणकावर शंभर टक्के मोठा करून एकेक कोपरा तपासायचा. इथं माणसाचं सुख संपतं. इतके दिवस एका घारीवर संसार नीट चालला होता. आता दिसतं की थवाच्या थवा आहे. हा ठिपका, तो ठिपका, इकडे एक वळवळता केस, तिकडे एक गोल डाग, जो पाण्याचा आहे की तेलाचा हे ठरवण्यात अर्धा तास जातो. यातले बहुतेक ठिपके कोणत्याही खऱ्या फोटोत कधीच दिसणार नसतात, कारण कोऱ्या भिंतीचे फोटो एफ/22 वर काढून पाहुण्यांना दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण एकदा पाहिलेला ठिपका न पाहिलेला करता येत नाही. रक्ततपासणीचा कागद हातात आला की धडधाकट माणूसही जिना सावकाश उतरू लागतो, त्यातलाच हा प्रकार.

मग जागा शोधायची. जाणकार सांगतात की घरातली सर्वांत कमी धुळीची खोली म्हणजे न्हाणीघर. आधी गरम पाण्याची वाफ करायची, वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते, मग दार लावून काम करायचं. सल्ला शास्त्रशुद्ध आहे, फक्त एकत्र कुटुंबाचा विचार करून दिलेला नाही. मी आत, मांडीवर कॅमेरा, आणि बाहेरून दारावर थाप : "आंघोळ नाही, शेव्हिंग नाही, आत करू काय राह्यला रे तू?" वीज असेपर्यंत शेजारचे माग चालू, म्हणजे रुई चालू. वीज गेली की माग थांबतात, गल्लीत कानात दडे बसावेत अशी शांतता होते, हवा हळूहळू निवळते. सेन्सर उघडायला यापेक्षा चांगली वेळ नाही, आणि नेमकं तेव्हाच काही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरता येतो. धरावा. तोंड बंद राहतं हा त्याचा दुसरा फायदा, कारण सेन्सरवर फुंकर मारायची नसते. फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात आणि ते मातीपेक्षा चिवट असतात. डब्यातली दाबलेली हवाही नको, तिच्यातलं रसायन काचेवर उमटतं. रबरी फुग्याचा ब्लोअर तेवढा घ्यायचा. कॅमेऱ्याचं तोंड खाली, ब्लोअरचं टोक बाहेरच, आणि चार-सहा वेळा जोरात दाबायचं. सुटी धूळ असेल ती एवढ्यावर खाली पडते. शहाणा माणूस इथं थांबतो.

पण खळीचा रेशा पडत नाही आणि आपण शहाणे नसतो. मग स्वॉब येतो. आइस्क्रीमच्या काडीएवढ्या प्लॅस्टिकच्या दांडीला पुढे मऊ कापडाचं चपटं टोक, बंद पाकिटात, धूळमुक्त खोलीत तयार केलेलं. या कापडाचा गुण एकच : त्याचा रेशा सुटत नाही. गावभर कापड विणलं जातं, पण यासाठी चालेल असं वीतभर इथं मिळत नाही, ते कुरिअरनं मागवावं लागतं. आमच्या गल्लीतले लूमवाले चाचा ओट्यावर बसले होते, त्यांना मी हा स्वॉब दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, टोक चुरगळून पाहिलं, उजेडात धरून उलटसुलट केलं. तीन पिढ्यांचा धंदा त्या बोटांत आहे. मग परत देत म्हणाले, "रेशा ही नहीं छोड़ता तो ये कपड़ा काहे का? पन्नी है, पन्नी." आणि घरातून एक मलमलीचा तुकडा आणून दिला, "इससे पोंछो, भाई, असली है." तो तुकडा मी चष्म्यासाठी ठेवला आहे. सेन्सरला खरंच चालत नाही, पण हे त्यांना कसं सांगावं?

पुसण्याआधी बॅटरी भरून घ्यायची. डीएसएलआरमध्ये सेन्सर आरशाच्या आणि शटरच्या मागे असतो. सफाईसाठी ते दोन्ही उघडे धरून ठेवायला कॅमेऱ्याला वीज लागते, आणि मधेच बॅटरी संपली तर पडदा थेट स्वॉबवर येऊन आदळतो. नवे मिररलेस कॅमेरे या बाबतीत सरळ आहेत, लेन्स काढली की सेन्सर समोरच. त्यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तो कायमच उघडा असतो, म्हणजे धुळीलाही सरळ वाट. असो. स्वॉबच्या टोकावर सफाईच्या द्रवाचे दोन थेंब टाकायचे. तिसरा टाकला की कडेला ओघळ राहतो. सेन्सरच्या एका कडेला टोक टेकवायचं आणि दुसऱ्या कडेपर्यंत न्यायचं. ज्यांनी शेणानं अंगण सारवलं आहे त्यांना पुढचं शिकवावं लागत नाही : दाब सारखा, मधे थांबायचं नाही, आणि ओल्यावर पाय द्यायचा नाही. कडेला पोचलं की स्वॉब उलटा करून कोऱ्या बाजूनं एकदा परत यायचं, आणि तो फेकून द्यायचा. त्या तीन-चार सेकंदांत श्वास आपोआप रोखला जातो. द्रव डोळ्यांदेखत कडेकडून आत सरकत सुकतो, काचेवर क्षणभर जांभळट हिरवी झाक येते आणि जाते.

पुन्हा एफ/22, पुन्हा भिंत. घार गेलेली असते. तिच्या जागी डाव्या कोपऱ्यात एक नवा जीव आलेला असतो, जो आधी तिथं नव्हता. तो स्वॉबनं ढकलत नेऊन ठेवलेला असतो किंवा लेन्स लावताना आत आलेला असतो, आणि त्याला काढायला दुसरा स्वॉब लागतो. यातून सुटका नाही असं ज्यांना वाटतं ते इंदूरचा रस्ता धरतात. तिथं सेवा केंद्रं आहेत, काम चोख होतं. इथून इंदूर सुमारे 180 किलोमीटर. तिथून स्वच्छ सेन्सर घेऊन बसमध्ये खिडकीशी बसायचं आणि घाटातून धूळ खात परत यायचं. कॅमेरा पिशवीत असतो, पिशवी मांडीवर असते, आणि मांडीवर असते ती सगळी धूळ सेन्सरसाठी रांगेत उभी असते.

या बाबतीत मला खगोलशास्त्रज्ञ फार आवडतात. त्यांच्या दुर्बिणींना लावलेल्या कॅमेऱ्यांतही धूळ बसते. जुन्नरजवळ गिरवलीला आपल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा ठिकाणचा कॅमेरा कोणी दर आठवड्याला उघडून पुसत नाही. ही मंडळी संधिप्रकाशातल्या कोऱ्या आभाळाचा किंवा घुमटातल्या पांढऱ्या पडद्याचा फोटो घेतात. त्यात धुळीची गोल गोल कडी उमटलेली दिसतात. मग ताऱ्यांच्या फोटोला त्या फोटोनं भागतात. भागाकार झाला की धूळ गणितातून निघून जाते, काचेवरून नव्हे. म्हणजे भिंतीचा जो फोटो पाहून आम्ही हवालदिल होतो तोच त्यांना उपयोगी पडतो. कॅनन आणि निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांतही हीच सोय दिलेली आहे : एक कोरा फोटो नोंदवून ठेवायचा, पुढचं काम त्यांच्या संगणकी प्रणालीनं करायचं. मेनूच्या इतक्या खोल पोटात ती ठेवली आहे की तिथं धूळसुद्धा पोचत नसावी.

गावात लेन्स बदलायला मला सापडलेली त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे कुंडी भंडारा. 1615 च्या सुमाराची ही भूमिगत पाणीयोजना, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं गावापर्यंत आणणारी. लिफ्टनं सुमारे 80 फूट खाली गेलं की माग नाहीत, वारा नाही, रुई नाही. भिंतींतून पाणी ठिबकतं आणि चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. फक्त तिथली हवा इतकी दमट आहे की लेन्स उघडली की आत ओल शिरायची धास्ती असते. धुळीपासून सुटायचं तर पाण्यात पडायचं, एवढीच निवड हे गाव देतं.

तेव्हा बुऱ्हाणपूरला फोटो काढायला येणार असाल, जरूर या, तर लेन्स घरूनच लावून या. दोन लेन्स आणायच्या असतील तर दोन कॅमेरे आणा, ते जमत नसेल तर एकाच लेन्सवर भागवा. ब्लोअर बरोबर ठेवा, स्वॉब घरी ठेवा. तापीचं आभाळ एफ/8 वर काढा, उत्तम येतं. आणि एफ/22 वर भिंतीचा फोटो काढून पाहायची इच्छा झालीच, तर आधी माव्याची जिलेबी खाऊन घ्या. हात चांगले चिकट झाले म्हणजे कॅमेऱ्याला हात लावायचा प्रश्नच राहत नाही.